डॉ. रखमाबाई आणि न बोललं जाणारं दुखणं



आपल्या सोलापूरच्या मुलांना डॉक्टर म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरात जन्मलेला हा तरुण चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारला. ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. पण डॉ. रखमाबाई कोण, असं विचारलं तर वर्गात शांतता पसरते. कधी कधी स्टाफरूममध्येसुद्धा.

म्हणून आजचा पाठ रखमाबाईंचा. मात्र हा पाठ मुलांना सांगण्याआधी आपण मोठ्यांनी वाचायचा आहे, आणि मुलींच्या आईवडिलांनी तर नक्कीच. कारण रखमाबाईंच्या चरित्राला जोडून मी एका अशा दुखण्याबद्दल लिहिणार आहे जे घराघरात असतं, पण घरात कुणी त्याचं नाव घेत नाही. ते म्हणजे नाजूक जागेचं बुरशीचं इन्फेक्शन, ज्याला डॉक्टर यीस्ट इन्फेक्शन म्हणतात. त्यात काय खाल्लं तर बरं वाटतं, काय खाल्ल्याने काही फरक पडत नाही, आणि ताटातला उपाय कुठे संपतो, हे आपण पाहू.

बालपण आणि डॉक्टरांचं घर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचं नाव जनार्दन पांडुरंग, आईचं नाव जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असतानाच वडील वारले. आईचं वय तेव्हा किती असेल? जेमतेम १७. आज बारावीत शिकणाऱ्या मुलीचं वय! त्या वयात ती विधवा आणि एका मुलीची आई होती.

हे कुटुंब सुतार समाजातलं. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि छोट्या रखमाला डॉक्टरांचं घर मिळालं.

हे सखाराम अर्जुन साधे डॉक्टर नव्हते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले होते, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. वैद्यकावर त्यांनी मराठीतून पुस्तकं लिहिली. मुंबईत मिळणाऱ्या औषधींची यादी त्यांनी १८७९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. म्हणजे झाडपाल्याचं औषध नाकारायचंही नाही आणि डोळे झाकून घ्यायचंही नाही, नीट तपासून घ्यायचं, अशा विचारांच्या माणसाच्या घरात रखमाबाई वाढल्या. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे दह्याचा आणि लसणाचा विचार करताना आपल्याला तो लागणार आहे.

अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी कोर्ट

एवढं सुधारलेलं घर, तरी रूढी सुटली नव्हती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवरा दादाजी भिकाजी तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याने शिकावं, काहीतरी बनावं, अशी सासरच्या मंडळींची अपेक्षा होती. ते काही झालं नाही. रखमाबाई मात्र आईच्याच घरी राहिल्या. मुलगी वयात आली की लगेच सासरी पाठवायची, हे सखाराम अर्जुन यांना डॉक्टर म्हणून मान्य नव्हतं. कोवळ्या वयात संसार आणि बाळंतपण आलं की मुलीच्या शरीराचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

रखमाबाई घरी बसून पुस्तकं वाचत राहिल्या. इंग्रजी शिकल्या. मोठ्या होत गेल्या तसं त्यांना पक्कं कळलं की हे लग्न त्यांनी केलेलंच नाही, ते त्यांच्यावर झालेलं आहे. १८८४ मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोने नांदायला आलं पाहिजे. रखमाबाई तेव्हा विशीच्या आसपास होत्या. त्यांनी नकार दिला.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले आणि घरातला मोठा आधार गेला. पुढे अपील झालं, खटला पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला, की रखमाबाईंनी नांदायला जावं, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावं. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

सगळ्या हिंदुस्थानात आणि इंग्लंडमध्येसुद्धा या खटल्याची चर्चा झाली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. टिळकांच्या केसरीने विरोधात लिहिलं. त्या आधीच, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियामध्ये बालविवाहावर पत्रं लिहिली होती, पण स्वतःचं नाव न घालता, एक हिंदू स्त्री म्हणून. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीला २००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढे १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीचं संमतीवय १० वरून १२ झालं. आज आपल्याला १२ हे वय वाचूनही अंगावर काटा येतो. पण त्या काळी तेवढ्यासाठीसुद्धा केवढं रान उठलं होतं!

लंडन, आणि मग सुरत

खटला संपला तेव्हा रखमाबाई २४ वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. आयुष्य शांतपणे घरी काढता आलं असतं. त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. तिथे स्त्रियांसाठी १८७४ मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय होतं, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेतली. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचं निधन झालं. रुग्ण तपासायला त्यांना आयुष्यच मिळालं नाही. रखमाबाईंना ते मिळालं. आपल्या देशात प्रत्यक्ष डॉक्टरकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

१८९५ मध्ये त्या सुरतच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. इथून त्यांच्या आयुष्याचा खरा मोठा भाग सुरू होतो, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी इथेच थांबतात. खटला तीन-चार वर्षांचा, डॉक्टरकी मात्र जवळजवळ ३५ वर्षांची.

दवाखाना उघडला म्हणून बायका येतात असं नाही. तेव्हा तर अजिबातच येत नसत. दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही, अशी भीती होती. पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचं नाही, हा नियम होता. आणि बाई डॉक्टर असली तरी जवळचं दुखणं तोंडाने सांगायचं कसं, हा संकोच होता. रखमाबाईंची एक गोष्ट सांगितली जाते. बायका बाळंतपणाला येत नाहीत हे बघून त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली, तिला सुखरूप मोकळं केलं आणि लोकांना दाखवून दिलं की इथे जीव जात नाही, वाचतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आपल्यालाही तिच्यातून शिकण्यासारखं आहे, की लोकांची भीती भाषणाने जात नाही.

१९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या स्त्रियांच्या दवाखान्यात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येऊ

रखमाबाईंना जाऊन आज कितीतरी वर्षं झाली. गावोगावी आरोग्य केंद्र झालं, बाई डॉक्टर झाल्या. संकोच मात्र तिथेच आहे. माता-पालक सभेत आरोग्याचा विषय निघाला की उंची, वजन, डबा, हिमोग्लोबिन या सगळ्यावर आया मोकळेपणाने बोलतात. सभा संपल्यावर मात्र एखादी मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, की अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, काय खाऊ? दही चालेल का? कधी हा प्रश्न स्वतःसाठी असतो, कधी वयात आलेल्या मुलीसाठी. डॉक्टरांचं नाव या प्रश्नात कधीच नसतं. खाणं विचारायला लाज वाटत नाही ना!

तर आधी दुखणं समजून घेऊ. पांढरं जाणं हा प्रत्येक वेळी आजार नसतो. पाण्यासारखा किंवा थोडा चिकट, वास नसलेला स्राव पाळीच्या चक्रात कमीजास्त होतो, तो नैसर्गिक आहे. त्याने हाडं झिजतात ही समजूत अगदी चुकीची आहे. बुरशीच्या इन्फेक्शनमध्ये मात्र जोराची खाज असते, लघवी करताना जळजळ होते, त्वचा लाल होते आणि स्राव घट्ट, दह्याच्या कवड्यांसारखा असतो. त्याला फारसा वास नसतो. वैद्यकीय पुस्तकं सांगतात की चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे हा चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा शिक्का नाही. सर्दीसारखंच, पण वेगळ्या जागेचं दुखणं आहे.

हे होतं कशामुळे? कँडिडा नावाची बुरशी आपल्या शरीरावर आणि शरीरात थोड्या प्रमाणात राहतेच. योनिमार्गात काही चांगले जिवाणूही असतात. ते आम्ल तयार करतात आणि बुरशीला वाढू देत नाहीत. हा तोल बिघडला की बुरशी फोफावते. तोल बिघडायची कारणं अशी : अँटिबायोटिक गोळ्या (वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही मरतात), ताब्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण, स्टेरॉइडची औषधं, ओले किंवा घट्ट कपडे, आणि साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुण्याची सवय. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. घामाने भिजलेल्या नायलॉनच्या कपड्यांत दिवसभर वावरलं की काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

रखमाबाईंच्या हातात काय नव्हतं

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. रखमाबाई ३५ वर्षं बायकांना तपासत होत्या, पण या बुरशीला नेमकं मारणारं आजच्यासारखं औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं. ते १९५० मध्ये आलं, तेही दोन स्त्रियांमुळे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळांत एलिझाबेथ हेझन मातीतले सूक्ष्मजीव शोधत होत्या आणि दुसऱ्या गावात रेचल ब्राउन त्यातून रसायन वेगळं काढत होत्या. नमुने डब्यांतून पोस्टाने इकडून तिकडे जायचे. एका शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जीव सापडला आणि निस्टॅटिन हे औषध तयार झालं. न्यूयॉर्क स्टेटवरूनच हे नाव आलं. औषधातून मिळालेले पैसे त्या दोघींनी संशोधनासाठीच देऊन टाकले.

आणि आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे बरं का! पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी हे नाव आहे. विज्ञानाच्या तासाला ही माहिती जरूर सांगा.

आज या इन्फेक्शनवर साधी, स्वस्त औषधं मिळतात आणि बहुतेकींना काही दिवसांत बरं वाटतं. रखमाबाईंच्या रुग्णांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळतंय. तरी आपण दह्यावर थांबलो, तर त्याला काय म्हणायचं?

ताटातली मदत : काय खावं

म्हणजे खाण्याचा काहीच उपयोग नाही का? तसं नाही. खाणं हा आधार आहे, उपचार नाही. सखाराम अर्जुन यांच्यासारखं एकेक नीट तपासून घेऊ.

१. साधं दही आणि ताक. दह्यातले जिवाणू हे शरीरातल्या त्या चांगल्या जिवाणूंचे भाऊबंदच. म्हणून दह्याकडून आशा वाटते. १९९२ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. ज्यांना हा त्रास वारंवार होतो अशा बायकांनी काही महिने रोज विशिष्ट जिवाणू असलेलं दही खाल्लं, तेव्हा त्रास कमी वेळा झाला. पण बायका फार थोड्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियात झालेल्या मोठ्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर असे जिवाणू घेऊनही इन्फेक्शन टळलं नाही. शिवाय घरच्या विरजणात नेमके तेच जिवाणू असतील असं नाही. तेव्हा रोज वाटीभर दही किंवा पेलाभर ताक जरूर घ्या, पचनाला आणि तब्येतीला ते चांगलंच आहे. मात्र साखर घालू नका. लस्सी आणि श्रीखंड म्हणजे दही नव्हे! आणि कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात, हेही लक्षात असू द्या.

२. ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी. आपला जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मैदा, बिस्किटं आणि साखर यांच्यापेक्षा भाकरीने रक्तातली साखर सावकाश वाढते. सोबत मटकी, हुलगे, तूर आणि मेथी, शेपू, अंबाडी अशी भाजी असली की पोटही भरतं आणि प्रथिनं, लोहही मिळतं. मधुमेह असेल तर भाकरीचंही प्रमाण ठेवावं लागतं, तेवढं सांभाळा.

३. साखर कमी. हा खाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, विशेषतः मधुमेह असलेल्यांसाठी. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की बुरशीला खाद्य मिळतं आणि शरीराची लढायची ताकद कमी होते. दिवसाचे चार-पाच गोड चहा मोजून बघा. ज्यांना हे इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं त्यांनी रक्तातली साखर तपासून घ्यावी. कधी कधी मधुमेहाचा पत्ता असाच लागतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांमुळे लघवीतून साखर बाहेर पडते आणि त्यानेही हा त्रास होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

४. लसूण. प्रयोगशाळेत लसणाचा रस बुरशीला मारतो, हे खरं. पण लसणाच्या गोळ्या खायला दिलेल्या बायकांच्या अभ्यासात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीतला लसूण आवडीने खा, औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

५. पाणी. भरपूर प्या. शाळेत स्वच्छतागृहाला जायला नको म्हणून मुली पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. त्याने लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन होतं, आणि त्याची जळजळही अशीच असते. इथे जबाबदारी आपली, म्हणजे शाळेची आहे.

काही गैरसमजही काढून टाकू. पाव, इडली, आंबील यांतल्या आंबवण्याने हा त्रास होतो असं नाही. पावातलं यीस्ट आणि ही कँडिडा या वेगळ्या जाती आहेत. तांदळाचं धुवण प्यायलं की पांढरं जायचं थांबतं, असं आपल्याकडे सांगतात. पण त्याने बुरशी जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : दही, लसूण, तेल, लिंबू, यातलं काहीही त्या जागी आत लावू नका, घालू नका. आग होते, जखम होते आणि दुखणं वाढतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं

पहिल्यांदाच त्रास होत असेल तर जायलाच हवं, कारण खाजेची आणि स्रावाची इतरही कारणं असतात. स्राव हिरवट-पिवळा आहे, घाण वास येतो, ओटीपोटात दुखतं, ताप आहे, लघवीतून किंवा अवेळी रक्त जातं, तर लगेच जा. गरोदर बाईने, मधुमेह असलेल्यांनी आणि वयात न आलेल्या मुलीला त्रास असेल तर तिच्या आईने अजिबात थांबू नये. लहान मुलीला असा त्रास होत असेल तर तिला रागावू नका, शांतपणे विचारा आणि तिचं ऐका. वर्षातून चार-पाच वेळा होत असेल तर नुसतं औषधाच्या दुकानातून मलम आणून भागणार नाही. पुरुषांनाही बुरशीचं इन्फेक्शन होतं, म्हणून नवऱ्याला खाज असेल तर त्यानेही दाखवावं. तान्ह्या बाळाच्या तोंडात दुधासारखे पण न पुसले जाणारे पांढरे चट्टे दिसले, तर तीही हीच बुरशी असू शकते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात दाखवता येतं. कुठे जायचं, कधी जायचं, हे आशाताईंना विचारा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथे मुलींना मोकळेपणाने बोलता येतं. सोबत घरात एवढं पाळा : सुती अंतर्वस्त्रं, ती उन्हात वाळवणं, ओले कपडे लगेच बदलणं, पॅड वेळेवर बदलणं आणि बाहेरून साध्या पाण्याने धुणं. बायकांचे कपडे दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळत घालायची पद्धत आपल्याकडे आहे. ती मोडा. ऊन फुकट आहे, त्याची कसली लाज?

वर्गात काय घ्यायचं

चरित्राचा भाग पाचवीपासून पुढे सगळ्यांना सांगा, मुलांना आणि मुलींना एकत्र. शेळीची गोष्ट सांगून विचारा, की लोक दवाखान्याला का घाबरत असतील? उत्तरं वहीत लिहून घ्या. विज्ञानाच्या तासाला विरजण लावून दाखवा : कोमट दूध, चमचाभर दही, रात्रभर उबेला. एका वाटीत गरम, उकळतं दूध घेऊन तेच करा. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्यांची तुलना करा. चांगले आणि वाईट सूक्ष्मजीव हा पाठ यापेक्षा सोपा करता येत नाही. सहावी-सातवीच्या मुलींशी मात्र बाईंनी वेगळा तास घेऊन, आयांना आधी सांगून, दुखण्याबद्दल बोलावं. शरीराच्या अवयवांची नावं साध्या आवाजात घ्यावीत. आपला आवाज खाली गेला की मुली समजतात, हे बोलायचं नसतं.

शेवटची वर्षं

१९२९-३० च्या सुमारास रखमाबाई निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. म्हातारपणीही त्या गप्प बसल्या नाहीत. पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. बायकांना डोळ्याआड ठेवलं की त्यांची दुखणीही डोळ्याआड जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात, त्यांचं निधन झालं.

ज्या मुलीला तिच्या शरीराबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, ती मोठी होऊन हजारो बायकांना त्यांच्या शरीराबद्दल विचारणारी डॉक्टर झाली. हे विचारणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. आज रात्री जेवताना मुलीच्या ताटात दही वाढाल, ते वाढाच. पण जेवण झाल्यावर तिला जवळ बसवून एकदा विचारा, की तुला कुठे काही त्रास होतोय का. आणि ती बोलायला लागली, की हातातलं काम बाजूला ठेवा.